अँटिबायोटिकनंतरचं पोट: खानापूर ते बेळगाव, तपासण्यांपासून ताकापर्यंत

गेल्या जूनमध्ये दाढेच्या गळवासाठी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड आणि मेट्रोनिडाझोल असा कोर्स घ्यावा लागला. कोर्स चालू असतानाच जुलाब लागले. गोळ्या संपल्यावर जुलाब थांबले, पण पोट काही पूर्ववत होईना. जेवण झालं की तासाभरात पोट डब्ब, गुडगुड, बेंबीखाली कळ. दोन दिवस साफ होत नाही, मग एका सकाळी तीन-चार वेळा जावं लागतं. जानेवारीत हे आटोक्यात आलं. मधल्या महिन्यांत काय केलं, कुठे थांबावं लागलं, किती पैसे गेले ते क्रमाने लिहिते आहे. आमच्या खानापूर-बेळगाव-निपाणी पट्ट्यात पोट बिघडलं म्हटलं की पाचजण पाच उपाय सांगतात, आणि माणूस ते सगळे एकदम सुरू करतो. मग कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, काहीच कळत नाही.

अँटिबायोटिक घेताना होणारे जुलाब बहुतेकदा औषध थांबल्यावर थोड्या दिवसांत आपोआप जातात. त्या काळात ओआरएस महत्त्वाचं: एक मोठी पुडी बरोबर एक लिटर पाण्यात. अर्ध्या पुडीला अंदाजाने अर्धं भांडं पाणी, असं करू नये. मीठ-साखरेचं प्रमाण चुकलं की जुलाब वाढू शकतात. मात्र ताप आला, शौचात रक्त दिसलं, दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा पाण्यासारखं होऊ लागलं, तर वाट पाहू नये. अँटिबायोटिकमुळे आतड्यात क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल नावाचा जिवाणू माजू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो. अशा वेळी जुलाब बांधणारी गोळी मनाने घेणं धोक्याचं.

गावातल्या डॉक्टरांनी बॅसिलस क्लॉसीच्या पाच मिलीच्या कुप्या दिल्या. एका कुपीत दोन अब्ज बीजाणू असतात आणि त्यांना फ्रिज लागत नाही. पावसाळ्यात खानापुरात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे ही सोय खरीच मोठी. प्रोबायोटिक, म्हणजे फायद्यासाठी घ्यायचे असे जिवंत जंतू, अँटिबायोटिकबरोबर घ्यायचं तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियमसारखे जिवाणू असतील तर दोन गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर अँटिबायोटिक त्यांनाच मारतं. सॅकरोमायसिस बुलार्डी ही यीस्ट आहे. जिवाणूंवरच्या औषधाचा तिच्यावर परिणाम होत नाही, पण बुरशीवरच्या गोळ्या चालू असतील तर ती मरते. चहात किंवा गरम पाण्यात यातलं काहीच घालू नये.

कोर्स संपल्यावर "आतडं भरून काढायला" महिनोन्‌महिने कॅप्सूल घ्यायची पद्धत आहे. ती मला पटत नाही. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी निरोगी माणसांवर एक छोटा प्रयोग केला. अँटिबायोटिकनंतर अनेक जिवाणूंचं मिश्रण घेणाऱ्यांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू परत यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उलट जास्त वेळ लागला. एका छोट्या प्रयोगावरून सगळं ठरत नाही, पण "घेतलं तर काय बिघडतं" हे वाक्य त्यानंतर तितकं सहज म्हणता येत नाही.

जुलै असाच गेला. ऑगस्टमध्ये बेळगावच्या पोटविकारतज्ज्ञांकडे नंबर लावला. अकरा दिवसांनंतरची तारीख मिळाली, फी ६०० रुपये. खानापूर-बेळगाव साध्या बसला कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे बायकांना तिकीट नाही, पण कर्नाटकच्या पत्त्याचं आधारसारखं सरकारी ओळखपत्र दाखवावं लागतं. राज्याबाहेर जाणाऱ्या गाड्यांना ही सवलत नाही. निपाणीकडची मंडळी कोल्हापूर गाठतात, त्यांनी हा खर्च धरून चालावा. नोंदणीचा अर्ज बहुतेक ठिकाणी कन्नड आणि इंग्रजीत असतो. इंग्रजी येत नसलेल्या घरच्या मोठ्या माणसांना सोबत पाठवताना एवढं लिहून द्यावं: हेसरु म्हणजे नाव, वयस्सु म्हणजे वय, विळास म्हणजे पत्ता. खिडकीवर विचारलं तर सहसा कोणीही मराठीत सांगतं, पण गर्दीच्या वेळी कागद हातात असलेला बरा.

डॉक्टरांसमोर पाच-सात मिनिटं मिळतात. म्हणून एका कागदावर आधीच लिहून नेलं होतं: त्रास कधीपासून, आठवड्यातून किती दिवस दुखतं, शौचाला गेल्यावर कळ कमी होते की वाढते, कोणती औषधं झाली, वजन किती होतं आणि आता किती. मल कसा असतो हे सांगायला ब्रिस्टल तक्ता उपयोगी पडतो. त्यात सात प्रकार आहेत, पहिला लेंड्यांसारखा कडक आणि सातवा निव्वळ पाणी. "कधी दोन, कधी सहा" एवढं म्हटलं तरी डॉक्टरांना पुरतं आणि आपल्यालाही संकोच वाटत नाही.

तपासण्या लिहून मिळाल्या त्या अशा. रक्ताची सर्वसाधारण तपासणी, सीआरपी (शरीरात कुठे सूज आहे का हे दाखवणारी) आणि थायरॉइड मिळून साधारण ९०० रुपये. गव्हाच्या ग्लूटेनमुळे होणारा सीलिॲक आजार आहे का हे बघणारी टीटीजी-आयजीए, १,४०० रुपये. मलाची साधी तपासणी १५० रुपये. मलातलं कॅलप्रोटेक्टिन २,६०० रुपये.

यात नमुना देतानाच बिघडू शकणाऱ्या गोष्टी आहेत. टीटीजी करायच्या आधी गहू सोडू नये. कोणाच्या सांगण्यावरून चपाती बंद करून महिना झाला असेल, तर तपासणी खोटी नकारार्थी येऊ शकते. कॅलप्रोटेक्टिन हे आतड्याला सूज आहे का याचं माप. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी ते वाढतं, म्हणून दाढेसाठी घेतलेल्या गोळ्या थांबून पुरेसे दिवस झाल्याची खात्री करून मगच नमुना दिला. साध्या तपासणीचा मल ताजा लागतो, तासा-दोन तासांतला. खानापुरातून डबी घेऊन बसने जाण्यापेक्षा बेळगावात प्रयोगशाळेतच देणं शहाणपणाचं. डबीत लघवी किंवा संडासातलं पाणी जाऊ देऊ नये. आमच्याकडे बरीच घरं विहिरीच्या आणि झऱ्याच्या पाण्यावर आहेत. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते म्हणून पाणी निर्मळ असणारच, असं पावसाळ्यात तरी धरून चालू नये. जिआर्डिया नावाचा परजीवी अशा पाण्यातून येतो आणि नेमकी हीच लक्षणं देतो. एका नमुन्यात तो सापडेलच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने मागतात.

रक्ताचे निकाल दुसऱ्या दिवशी आले. कॅलप्रोटेक्टिनचा नमुना बाहेरगावी जातो, त्याला आठवडा लागला. तो आठवडा कठीण गेला. रात्री जाग आली की नको नको ते आजार डोळ्यांसमोर यायचे. आकडा ५० मायक्रोग्रॅमच्या आत आला तेव्हा जीव भांड्यात पडला. हिमोग्लोबिन नीट, वजन स्थिर, रक्त नाही, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास नाही. त्यामुळे दुर्बीण लागली नाही. यातलं एकही उत्तर वेगळं असेल, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला असेल, तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी कोलोनोस्कोपी. निदान झालं ते आयबीएसचं, इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचं. म्हणजे आतड्याची रचना ठीक, पण त्याचं चलनवलन आणि संवेदना बिघडलेली. जिआर्डियाही निघाला नाही.

याच सुमारास मोबाइलवर "तुमच्या आतड्यातले जिवाणू तपासा" अशा जाहिराती दिसू लागतात. किंमत कित्येक हजार. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी नको म्हटलं. अहवालात जिवाणूंची लांबलचक यादी येते, पण त्या यादीवरून आयबीएसचा उपचार ठरवता येत नाही. ते पैसे आहारतज्ज्ञांच्या फीला ठेवावेत. पहिल्या भेटीचे ५०० आणि पुढच्या भेटींचे ३०० रुपये गेले, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

गणपती होऊ दिले. घरात मोदक आणि पाहुणे असताना पथ्य सुरू करण्यात अर्थ नव्हता. अनंत चतुर्दशीनंतर लो-फॉडमॅप आहार सुरू केला. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने विकसित केलेली ही पद्धत आहे. लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी काही कर्बोदकं, म्हणजेच फॉडमॅप, तिथे पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यात जिवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. निरोगी पोटाला त्याचं काही वाटत नाही, आयबीएसच्या पोटाला ताण जाणवतो. आधी ही कर्बोदकं चार ते सहा आठवडे बंद, मग एकेक परत आणून पाहणं, आणि शेवटी आपल्यापुरती यादी ठरवणं. पहिल्या टप्प्यावरच कायमचं राहू नये. हीच कर्बोदकं आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य असतात, ती वर्षभर तोडली तर ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप तेच उपाशी राहतात.

सीमाभागातल्या स्वयंपाकघरात पहिला अडथळा म्हणजे कांदा-लसूण मसाला. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन हे यातलंच एक कर्बोदक असतं आणि आमच्या रश्शात हे तिन्ही एका ताटात येतात. म्हणून वेगळी चटणी केली: बेडगी मिरची २०० ग्रॅम, संकेश्वरी ५० ग्रॅम, धणे १५० ग्रॅम, सुकं खोबरं १०० ग्रॅम, पांढरे तीळ ५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम, चार लवंगा, बोटभर दालचिनी, दहा मिरे, हळद, मीठ. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. खोबरं शेवटी आणि मंद आचेवर, नाहीतर करपून चटणी कडू होते. संकेश्वरी एरवी याहून जास्त घालतात, पण तिखटानेही आयबीएसमध्ये कळ येते, म्हणून रंग बेडगीवर भागवला. ही चटणी डंकावर दिली तर आधी कोणाचा तरी कांदा-लसणाचा मसाला कुटलेला असतोच. त्यापेक्षा घरच्या मिक्सरमध्ये थोडी थोडी वाटावी.

लसणाच्या वासासाठी एक युक्ती चालते. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. चार चमचे तेलात सहा पाकळ्या ठेचून मंद आचेवर सोनेरी होऊ द्यायच्या, लसूण काढून टाकायचा आणि त्या तेलाची फोडणी करायची. रश्शात पाकळी उकळून काढली तर उपयोग नाही, तोवर फ्रुक्टन पाण्यात उतरलेलं असतं. आणि हे तेल त्याच दिवशी संपवायचं. लसूण घातलेलं तेल बाहेर ठेवलं तर त्यात बॉट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. कांद्याच्या जागी कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. हिंग चिमूटभर चालतो, पण बांधणीच्या हिंगात मैदा असतो, म्हणून चमच्याने घालू नये.

चपातीऐवजी ज्वारीची भाकरी आणि भात. भाज्यांत वांगं, भेंडी, गाजर, काकडी, पालक, फरसबी. एका वेळी वाटीभर. फ्लॉवर, मशरूम बंद. खानापूर-चंदगडचे काजू हातात असूनही बंद, त्याऐवजी मूठभर शेंगदाणे. केळं नुकतं पिकलेलं घ्यावं, काळे ठिपके पडलेल्या केळ्यात फ्रुक्टन वाढलेलं असतं. डाळी पूर्ण सोडल्या तर प्रथिनं कुठून येणार? म्हणून मूग रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात शिजवायचं आणि अर्ध्या वाटीवर थांबायचं. वायू करणारी साखर बरीचशी त्या पहिल्या पाण्यात जाते. अंडी, मासे, चिकन यांत फॉडमॅप नसतं, फक्त मसाला बघायचा. गहू गेल्याने चोथा कमी पडतो, त्यासाठी इसबगोल. पहिल्या आठवड्यात एक छोटा चमचा, मग दोन, दर वेळी पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचं. कोरडा चमचा तोंडात टाकला तर घशात फुगून बसतो. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर.

दुधाचं वेगळं लिहिते, कारण दही-ताकावर आमच्याकडे फार श्रद्धा आहे आणि ती अगदीच निराधार नाही. दही लावणारे जिवाणू दुधातली थोडी साखर, लॅक्टोज, विरजतानाच खातात आणि उरलेली पचवायला आतड्यातही मदत करतात. दह्याबद्दलचा हा एक दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही मान्य केला आहे. ज्यांना लॅक्टोज पचत नाही त्यांनाही एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण पेलाभर दुधातलं, बहुतेकदा सोसतं. पण आयबीएसमध्ये पहिल्या टप्प्यात दूध, खवा आणि अर्थातच बेळगावचा कुंदा बंद. दही अर्धी वाटी, तेही चांगलं लागलेलं आणि वरचं पाणी ओतून दिलेलं. लॅक्टोज पाण्याबरोबर जातं, म्हणून चक्का दह्यापेक्षाही सोसतो.

पावसाळ्यात आणि थंडीत आमच्याकडे दही नीट लागत नाही. दूध उकळून ४० ते ४५ अंशांवर आणायचं. करंगळी बुडवली तर गरम लागते पण चटका बसत नाही, इतपत. लिटरला दोन छोटे चमचे विरजण थोड्या दुधात फेटून मिसळायचं, भांडं टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचं. उन्हाळ्यात पाच-सहा तास, थंडीत दहा-बारा. दूध जास्त गरम असेल तर विरजण मरतं आणि दूध तसंच राहतं. फार थंड असेल तर दही तार धरतं, बुळबुळीत होतं. दह्याची कढी केली की त्यातले जिवाणू मेलेच. इडली, आंबोळीचंही तेच. पीठ आंबल्याने ती पचायला हलकी होते, पण वाफेत आणि तव्यावर जिवंत काही उरत नाही. नाचणीची आंबील करताना पीठ शिजवून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मगच ताक घालायचं. ताकावर फोडणी घालायची असेल तर तीही गार करून. एवढं करूनही घरच्या दह्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. प्रोबायोटिक म्हणजे ओळखलेला, मोजलेला आणि फायदा तपासून पाहिलेला जिवाणू; घरच्या विरजणात कोण किती आहे हे कोणी मोजलेलं नसतं. अन्न म्हणून दही उत्तमच आहे, त्यासाठी ते औषध असायची गरज नाही.

चौथ्या आठवड्यापर्यंत कळ बरीच कमी झाली. वहीत रोज कळ आणि फुगणं यांना शून्य ते दहा गुण देत होते, त्यामुळे हा भास नाही हे दिसलं. दिवाळीचा फराळ मात्र कठीण गेला. तांदळाच्या पिठाची चकली आणि रव्याविना खोबऱ्याची वडी एवढ्यावर भागवलं. सगळ्यांसोबत बसून करंजी न घेणं जड वाटलं.

दिवाळीनंतर एकेक पदार्थ परत. बाकी आहार तसाच ठेवून एका वेळी एकच गट: पहिल्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी मध्यम, तिसऱ्या दिवशी नेहमीइतकं, मग दोन-तीन दिवस विश्रांती. दुधासाठी पाव पेला, अर्धा, एक. गव्हासाठी एक चपाती, दोन, तीन. लसणाची अर्धी पाकळी, मग एक. कांदा, छोले, मध, फ्लॉवर हे सगळे वेगवेगळे, कारण प्रत्येकात निराळी साखर आहे. पाव खाऊन त्रास झाला म्हणून गव्हाला दोष द्यायचा आणि त्या पावाबरोबरच्या भाजीत कांदा होता हे विसरायचं, असं सहज होतं. म्हणून चाचणीचा पदार्थ शक्य तितका सुटा खावा. यात सहा-सात आठवडे जातात. माझ्या बाबतीत लसूण अजिबात सोसला नाही, कांदा शिजवलेला दोन चमचे सोसला, दोन चपात्या चालल्या, चहातलं दूध चाललं, छोले पाव वाटीपुढे नाहीत. दुसऱ्याची यादी वेगळी येईल.

मग प्रोबायोटिकची चाचणी, मुद्दाम शेवटी. अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आयबीएससाठी प्रोबायोटिक संशोधनापलीकडे सुचवलेलं नाही. ब्रिटिश संघटनेने २०२१ मध्ये म्हटलं, हवं तर बारा आठवड्यांपर्यंत घेऊन पाहा, फरक नसेल तर थांबवा. मी चार आठवडे ठरवले. खोक्यावर जिवाणूचं पूर्ण नाव हवं, शेवटच्या स्ट्रेनच्या, म्हणजे नेमक्या उपप्रकाराच्या, अक्षर-आकड्यांसह. 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' आणि 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी' यांत फरक आहे, कारण प्रयोग झालेले असतात ते त्या विशिष्ट स्ट्रेनवर. २०२० मध्ये या कुळाची नावं बदलली, त्यामुळे लॅक्टिकेसिबॅसिलस असं दिसलं तर तो बनावट माल समजू नये. जिवंत जिवाणूंचा आकडा, सीएफयू, बनवतानाचा आहे की मुदत संपेपर्यंतचा, तेही पाहावं. फ्रिजचं औषध दुकानदाराने फ्रिजमधूनच काढून द्यायला हवं. बेळगावहून परतताना बर्फाची पिशवी सोबत ठेवली.

महिन्याला १,२०० रुपये गेले. चार आठवड्यांनंतर वहीतले गुण जवळपास तेच होते. गोळी बंद केल्यावरही तेच राहिले, म्हणून पुढचं खोकं आणलं नाही. कोणाला याने फरक पडतोही, पण तो असाच मोजून ठरवावा. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी, शिरेत नळी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये. त्यांच्यात हेच जिवाणू रक्तात शिरण्याचा धोका असतो.

बिलं ह्यांच्या कार्यालयात परताव्यासाठी दिली. मूळ चिठ्ठी, तिच्या तारखेनंतरचंच बिल आणि अहवालाची प्रत लागते. तपासण्या आणि फी मंजूर झाली, प्रोबायोटिकची रक्कम कापली गेली. खोक्यावर औषधाच्या परवान्याऐवजी एफएसएसएआयचा (भारताच्या अन्नसुरक्षा संस्थेचा) चौदा आकडी क्रमांक असेल तर ते कागदोपत्री अन्न ठरतं, औषध नाही. ज्यांना परतावा मिळतो त्यांनी विकत घेण्याआधीच हा क्रमांक बघावा. एकूण खर्च नऊ-साडेनऊ हजार झाला, त्यातला निम्म्याहून जास्त तपासण्यांचा.

संक्रांतीनंतर डॉक्टरांना वही दाखवली. वजन तेवढंच, हिमोग्लोबिन ठीक. पुढची तारीख त्यांनी दिली नाही. शौचात रक्त, कारण नसताना वजन कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काही दिसलं तरच या, म्हणाले. सध्या लग्नसराई आहे. पंगतीत भात, साधी भाजी, काकडीची कोशिंबीर आणि ताक घेते, रस्सा बाजूला ठेवते. घरातून निघण्यापूर्वी एक भाकरी खाल्लेली असते.